खेळातले विषयांतर

छत्तीस वर्षे मी मराठी शाळेत मास्तरकी केली. त्या काळात मुलांच्या निबंधांवर लाल शाईने मी जे शेरे मारले, त्यांत सर्वांत अधिक वेळा लिहिलेला शब्द कोणता, असे कोणी विचारले तर 'विषयांतर' हाच शब्द मला सांगावा लागेल. 'माझी आई' या विषयावर लिहिता लिहिता एखादा मुलगा आजोळच्या विहिरीवर जाऊन पोहोचला की मी समासात उभी रेघ ओढी, शेजारी 'विषयांतर' असे लिही आणि दोन गुण कापी. धडा चालू असता मागच्या बाकावर कुजबुज झाली तर तिलाही माझ्या लेखी हेच नाव होते. आज त्याच विषयांतराची बाजू घेऊन मी बोलणार आहे, आणि तेही संगणकावरील खेळांच्या संबंधात! ही वार्ता माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या कानी गेली तर त्यांना हसू आल्यावाचून राहणार नाही.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी रात्री नवाच्या सुमारास एक देखावा हल्ली नित्य दिसतो. घरातला मुलगा कानांवर हेडफोन चढवून पडद्यासमोर बसतो आणि लोटलेल्या दाराआडून त्याचे बोलणे ऐकू येऊ लागते. पहिली पाच-दहा मिनिटे 'डावीकडून ये', 'थांब', 'मागे बघ' असे रणांगणाला शोभणारे उद्गार निघतात. मग हळूहळू भाषा पालटते. उद्याच्या परीक्षेची चर्चा निघते. कोणाच्या घरी मांजरीला पिल्ले झाली, त्यांची नावे काय ठेवावी, याचा खल होतो. कोणी डब्यातील वांग्याच्या भाजीची तक्रार करतो, कोणी थोरल्या बहिणीच्या लग्नाची हकीकत सांगतो. बाहेर बसलेली वडील मंडळी एकमेकांकडे पाहून म्हणतात, 'खेळणे एक वेळ समजू. पण खेळावयास बसून हे भलतेच काय चालले आहे?'

या भलत्याच गोष्टीला खेळणारी मंडळी 'ऑफ-टॉपिक' म्हणतात. आपण तिला अवांतर गप्पा म्हणू. त्या कशा उत्पन्न होतात, कशाने आटतात, आणि माणसाच्या उपयोगी कितपत पडतात, हे आज सांगावयाचे आहे. शेवटी माझ्या हातून घडलेली एक चूकही सांगणार आहे. कारण या विषयाकडे मी वळलो तो त्या चुकीमुळेच.

प्रथम या खेळांची रचना थोडक्यात पाहू. संगणकावरचे सगळेच खेळ काही अनेकांनी मिळून खेळावयाचे नसतात. जे तसे असतात, त्यांपैकी एका जातीत डोंगर, अरण्ये, गावे, बाजारपेठा यांनी भरलेला एक काल्पनिक प्रदेश कोठेतरी मोठ्या यंत्रांवर साठवलेला असतो, आणि देशोदेशीचे खेळाडू आपापल्या घरून त्या यंत्रांशी जोडले जाऊन त्या प्रदेशात एकाच वेळी वावरतात. तेथे प्रत्येकाने एक सोंग घेतलेले असते. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी जखमा बऱ्या करणारा वैद्य. मोठ्या मोहिमा एकट्याने पार पडत नाहीत, म्हणून खेळाडू कायमची पथके उभारतात. अशा पथकाला 'गिल्ड' म्हणतात. २००४ च्या नोव्हेंबरात सुरू झालेला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा या जातीच्या खेळांपैकी अत्यंत प्रसिद्ध होय. त्याच्या पडद्यावर डाव्या हाताला खाली एक लहानशी चौकट असते. तीत टाइप केलेला मजकूर, आपण निवडू त्याप्रमाणे, कधी जवळपास उभ्या असलेल्यांना, कधी त्या सबंध मुलुखातील मंडळींना, तर कधी केवळ आपल्या गिल्डला दिसतो. गिल्डमधील बोलणे हिरव्या अक्षरांत उमटते.

ही चौकट लढाईच्या मसलतीला उपयोगी पडते हे खरे. परंतु तीत नुसती मसलतच होते असे मात्र नाही. या खेळात 'बॅरन्स' नावाचे एक विस्तीर्ण उजाड माळरान आहे. प्रारंभीच्या वर्षांत पुष्कळशा नवशिक्या खेळाडूंना तेथे बरेच दिवस काढावे लागत. त्या माळावरच्या सार्वजनिक गप्पा इतक्या भरकटत की 'बॅरन्स चॅट' हा शब्दप्रयोगच निरर्थक बडबडीला पर्याय म्हणून खेळाडूंत रूढ झाला. पुढे अशा मंडळींच्या बोलण्यासाठी स्वतंत्र सोयीही निघाल्या. २०१५ साली सुरू झालेली 'डिस्कॉर्ड' ही त्यांपैकी एक. तिच्यावर प्रत्येक मंडळ आपापले कट्टे उघडते; एक डावपेचांचा, एक सूचनांचा, आणि बहुधा एक 'ऑफ-टॉपिक' असा. म्हणजे आम्ही मास्तरलोक ज्याला वर्गाबाहेर उभे करीत होतो, त्याला या मुलांनी राहावयास स्वतंत्र खोली बांधून दिली!

ही खोड आजची नव्हे. १९७८ साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने असा एक खेळ रचावयास घेतला, आणि त्याचा सोबती रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. त्याचे नाव 'मड'. त्यात चित्र एकही नव्हते. समोर वाट आहे, उजवीकडे झाडी आहे, अशा अर्थाची वाक्ये पडद्यावर उमटत आणि खेळणाराने काय करावयाचे ते शब्दांनीच सांगावे लागे. याच बार्टलने पुढे १९९६ साली खेळाडूंचे चार वर्ग पाडले आणि त्यांना पत्त्यांतील चार रंगांच्या उपमा दिल्या. धन आणि गुण जोडणारे ते चौकट. नवनवे प्रदेश धुंडाळणारे ते इस्पिक. कारण इस्पिकाचे इंग्रजी नाव आणि फावड्याचे इंग्रजी नाव एकच, आणि ही माणसे सदा खणीत असतात. दुसऱ्यांना झोडपण्यात आनंद मानणारे ते किलवर, कारण त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ सोटा असाही होतो. आणि ज्यांना खेळ हे केवळ निमित्त, खरी गोडी माणसांची, ते बदाम. तात्पर्य, ज्याने हे खेळ घडविले त्याने बोलघेवड्यांना घुसखोर मानले नाही. चार रंगांपैकी एक पुरा रंग त्यांना देऊन टाकला.

याहून बोलका दाखला १९८९ सालचा आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स अस्पनीस या विद्यार्थ्याने 'टायनीमड' नावाचा त्याच घराण्यातला एक खेळ तयार केला; मात्र गुण मिळविणे, पायऱ्या चढणे, मारामारी करणे, हे सारे त्यातून जवळजवळ वगळून टाकले. जेथे जिंकावयाचे काही नाही तेथे कोण कशाला येईल, असे आपल्याला वाटेल. परंतु लोक आले, शब्दांनी घरेदारे बांधू लागले आणि बोलत बसले. खेळातून खेळ काढून घेतला, तरी गप्पा मागे उरल्या.

असे का व्हावे? ब्रॉनिस्लाव मालिनोव्हस्की या मानवशास्त्रज्ञाने पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रिअंड बेटांवर राहून तेथील लोकांचा अभ्यास केला होता. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्याने असे दाखविले की, माणसाच्या बोलण्याचा एक मोठा भाग माहिती देण्यासाठी नसतोच. केवळ एकमेकांशी बांधले जाण्यासाठी असतो. हवापाण्याची विचारपूस, कुशल प्रश्न, कोणाला आधीच ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा सांगणे, हे सारे या प्रकारात येते. आपल्याकडे दुपारी वाटेत भेटलेला शेजारी 'काय, झाले का जेवण?' असे विचारतो. आपण काय जेवलो याची त्याला काडीचीही जिज्ञासा नसते. 'मी येथे आहे, तूही आहेस, आणि आपल्यात वैर नाही,' एवढेच त्या प्रश्नाचे तात्पर्य. खेळातील मुलगा 'अरे, आज आमच्याकडे पुन्हा वांगी' असे म्हणतो, तेव्हा तोही हेच म्हणत असतो.

परंतु असे बोलणे कोठेही उगवत नाही. त्याला जमीन लागते, आणि ती जमीन म्हणजे रिकामा वेळ. १९९९ साली निघालेल्या 'एव्हरक्वेस्ट' या खेळात मांत्रिकाची शक्ती लढाईत खर्ची पडली की ती भरून येण्यासाठी त्याला स्वस्थ बसून राहावे लागे. प्रारंभीच्या काळी तर नवख्या मांत्रिकाने बसावे की त्याची मंत्रांची पोथी उघडून सगळा पडदा झाकून टाकी. समोरचे काही दिसत नसे, करण्यासारखेही काही नसे. फक्त बोलता येई. लोक बोलत. १९९७ च्या 'अल्टिमा ऑनलाइन' या खेळाचा प्रमुख रचनाकार राफ कॉस्टर याने अशा जगांच्या रचनेचे नियम एकत्र केले होते. माणसांचा मेळ जमण्यास रिकामा वेळ लागतो, हा त्यांतलाच एक.

दुसरी गरज अशी की, तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटली पाहिजेत. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये पूर्वी एखाद्या भुयारावर चाल करावयाची म्हणजे आणखी चौघे सोबती शोधावे लागत. विचारणा करा, वाट पाहा, सगळे जमले की भुयारापर्यंतची वाट तुडवा. यात वेळ फार जाई. २००९ च्या डिसेंबरात त्या खेळात अशी सोय करण्यात आली की, यंत्रानेच पाच जण जुळवावे आणि त्यांना थेट भुयारात नेऊन सोडावे. वेळ वाचला. पण हे पाच जण बहुधा एकमेकांना सर्वस्वी अनोळखी, आणि काम आटोपल्यावर पुन्हा गाठ पडण्याचा संभवही थोडाच. मग बोलावे कशाला? लोक येतात, राक्षस मारतात आणि एक अक्षरही न बोलता निघून जातात, ही जुन्या खेळाडूंची तक्रार तेव्हापासूनची आहे. वाट पाहणे नाहीसे केले, त्याबरोबर वाट पाहताना होणारी ओळखही गेली.

तिसरी गरज हातांना काही काम असण्याची. समोरासमोर दोन खुर्च्या मांडून 'बोल, तुझ्या मनात काय आहे?' असे विचारले तर मोठी माणसेही गप्प होतात, मग पंधरा वर्षांच्या मुलाची काय कथा! तेच शेंगा सोलताना, पापड लाटताना, बरोबरीने चालताना बोलणे आपोआप निघते. कारण नजर कामावर असते आणि मध्येच गप्प बसले तरी ते अवघड वाटत नाही. मुंबईच्या लोकलगाडीत रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या डब्यात चढणारी मंडळी आपण पाहिली असतील. मांडीवर बॅग आडवी ठेवून पत्त्यांचा डाव मांडतात, आणि पाने टाकता टाकता कोणाचे कर्ज, कोणाच्या मुलीचे स्थळ, कोणाच्या आईचे दुखणे, सारे बोलून होते. डाव कोणी जिंकला हे कल्याण येईपर्यंत आठवतही नाही. ठरलेली गाडी, तीच माणसे, हातात पाने आणि उतरेपर्यंतचा रिकामा वेळ, या चार गोष्टी जेथे जमतात तेथे गप्पा जमतात. खेळाडूंचे पथक म्हणजे असाच एक डबा होय. फरक एवढाच की, त्यातला एक उतारू नागपूरचा, एक कोचीनचा आणि एक कदाचित पोर्तुगालचा असतो.

रे ओल्डनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८९ साली एका ग्रंथात असे प्रतिपादन केले की, घर हे माणसाचे पहिले स्थान, कामाची जागा हे दुसरे, आणि त्याखेरीज त्याला एक तिसरे स्थान लागते. तेथे जाण्यास निमंत्रण नको, तेथे पदव्या आणि पगार दाराबाहेर राहतात, आणि मुख्य उद्योग बोलणे हाच असतो. आपल्या गावांतला पार, देवळाचा ओटा, नाक्यावरचे उपाहारगृह ही त्याचीच रूपे. २००६ साली कॉन्स्टन्स स्टाइनक्यूलर आणि दिमित्री विल्यम्स या दोन अभ्यासकांनी अशा खेळांचे निरीक्षण करून निष्कर्ष काढला की, हे खेळ पुष्कळ अंशी तिसऱ्या स्थानाचेच काम करतात. मात्र त्यांनी एक भेदही सांगितला, तो पालकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. या जागी नाना तऱ्हेच्या माणसांची ओळख होते, आपल्या आळीबाहेरचे जग दिसते. परंतु ही नाती बहुतांशी पातळ असतात. संकटसमयी खांदा देणारी गाढ मैत्री येथे सहसा हाती लागत नाही.

सहसा लागत नाही. पण कधी कधी लागते. त्याचा एक दाखला जगप्रसिद्ध झाला आहे.

नॉर्वे देशात १९८९ साली मॅट्स स्टीन नावाचा मुलगा जन्मास आला. ड्यूशेन या नावाचा, स्नायू क्षीण करीत नेणारा आनुवंशिक रोग त्याला होता. या रोगात मूल आधी चालेनासे होते, मग हातांचे बळ जाते, आणि अखेरीस श्वास व हृदय यांवर घाला येतो. मॅट्स चाकांच्या खुर्चीत बसून संगणकावर खेळे. शेवटच्या दहा वर्षांत त्याने पंधरा ते वीस हजार तास खेळात घालविले असावे, असा हिशेब वडिलांनी पुढे केला. मुलाला निदान विरंगुळा तरी आहे, एवढेच समाधान आईवडिलांना होते. १८ नोव्हेंबर २०१४ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो वारला. आईवडिलांचे दुःख दुहेरी होते. मुलगा गेला हे एक. आणि मैत्री, प्रेम, कोणाच्या उपयोगी पडणे, यांतले काहीच त्याच्या वाट्यास न येता तो गेला, हे दुसरे.

मॅट्स एक ब्लॉग लिहीत असे, आणि त्याची परवलीची खूण तो मागे ठेवून गेला होता. वडिलांनी तेथे निधनाची वार्ता लिहिली आणि खाली आपला ईमेलचा पत्ता दिला. तोच निरनिराळ्या देशांतून पत्रे येऊ लागली. ती लिहिणारी माणसे 'स्टारलाइट' नावाच्या गिल्डमधली होती. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये मॅट्स 'इबेलिन' या नावाने वावरे, आणि इबेलिनने त्यांच्यासाठी काय केले ते ही माणसे त्याच्या आईवडिलांना सांगत होती. हॉलंडातील एका मुलीचा संगणक घरच्यांनी अभ्यासापायी काढून घेतला, तेव्हा मॅट्सने तिच्या आईवडिलांना पत्र लिहून तिची बाजू मांडली होती. एका आईचे आपल्या स्वमग्न मुलाशी बोलणे जुळत नव्हते, दोघेही खेळाडू. खेळातून त्याच्याशी जवळीक साध, हे तिला मॅट्सनेच सुचविले. अंत्यविधीला या गिल्डमधील काही जण परदेशांहून आले.

या गिल्डच्या संभाषणांचा संग्रह जतन झालेला होता. त्याची पृष्ठे सुमारे बेचाळीस हजार भरली. त्यांच्या आधारे बेंजामिन री या दिग्दर्शकाने मॅट्सच्या या दुसऱ्या जीवनावर बोलपट तयार केला. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. मॅट्स कोणी साधुपुरुष होता असे मात्र त्यात दाखविलेले नाही. आपला आजार त्याने सोबत्यांपासून कित्येक वर्षे लपवून ठेवला होता, कधी तो कठोर बोले, मित्रांना दुखवी. आणि पुढे त्याने आपल्या आजाराविषयी उघडपणे लिहिले. म्हणजे त्याला मिळाले ते पुरे माणसाचे आयुष्य, रुसव्याफुगव्यांसकट.

आता विचार करा. लढाईत किती राक्षस पडले याच्या हिशेबात हे काही सापडले असते काय? मॅट्सचे जे खरे आयुष्य आईवडिलांना मरणोत्तर हाती लागले, ते सगळे अवांतर गप्पांत होते. माझ्या लाल शाईच्या दृष्टीने पाहिले तर ती बेचाळीस हजार पृष्ठे बव्हंशी विषयांतरच होत.

येथे कोणी म्हणेल की, मास्तर, एक नॉर्वेचा मुलगा सांगून आम्हांस गप्प करू नका. धोके आहेत की नाहीत? आहेत. जेथे चेहरा दिसत नाही तेथे जीभ सैल सुटते. शिवीगाळ, जातीपातीवरून वा मुलींना उद्देशून काढलेले अभद्र उद्गार या मैदानांत पुष्कळ ऐकू येतात. गोड बोलून पत्ता, छायाचित्र किंवा पैसे मागणारा मनुष्य खेळाडूच्या वेषात येऊ शकतो. झोप बुडते, ती वेगळीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या रोगांच्या वर्गीकरणात खेळाच्या अनावर नादाला विकार म्हणून स्थान दिले आहे; हे वर्गीकरण २०२२ च्या जानेवारीपासून अमलात आले. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर तर आपल्या संसदेने २०२५ च्या ऑगस्टात कायद्यानेच बंदी घातली; त्यांचा आजच्या विषयाशी संबंध नाही. परंतु हे सर्व धोके ओळखावयाचे कसे? मुलगा कोणाशी आणि काय बोलतो हे आपल्याला ठाऊक असेल तरच. आणि ते ठाऊक होण्याचा मार्ग दाराला कान लावणे हा नव्हे. हे मी अनुभवाने सांगतो, आणि येथेच माझ्या चुकीची हकीकत येते.

२०२० साली टाळेबंदीमुळे माझी मुलगी आणि तिचा चौदा वर्षांचा मुलगा आमच्याकडे राहत होती. नातू रोज रात्री 'पब्जी मोबाइल' खेळे. या खेळात शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात आणि शेवटी जो उरेल तो जिंकतो. चौघाचौघांचे पथक करता येते, आणि निम्मा वेळ दबा धरून बसण्यात जातो; म्हणजे गप्पांना जागा भरपूर. नातवाच्या पथकातले इतर तिघे तीन निरनिराळ्या गावांचे. ऑगस्टातील एका रात्री साडेअकरा वाजता मी पाणी प्यावयास उठलो, तो हा आपला बोलतोच आहे. मी कान दिला. बंदुकांचा आवाज नव्हता. कोणत्या शहरातली मिसळ झणझणीत, यावर वाद चालला होता. मला संताप आला. खेळ असता तर डाव पुरा होऊ दिला असता. पण मिसळीसाठी जागरण! मी बाहेरच्या खोलीत जाऊन इंटरनेटची पेटी बंद केली आणि समाधानाने झोपलो.

सकाळी नातू माझ्याशी बोलेना. दुपारी मुलीकडून खुलासा झाला. त्या चौघांपैकी एकाचे वडील करोनाने आजारी होऊन रुग्णालयात होते, आई त्यांच्यामागे धावपळीत, आणि हा मुलगा विलगीकरणात घरातल्या एका खोलीत एकटा. रात्री त्याला झोप येत नसे. म्हणून बाकीचे तिघे त्याला झोप लागेपर्यंत काहीबाही बोलत राहत. वडिलांचा विषय काढावयाचा नाही, असे त्या तिघांनी आपसांत ठरविले होते. म्हणून मिसळ.

श्रोतेहो, चौदा वर्षांच्या मुलांना जे कळले ते मला छत्तीस वर्षे मास्तरकी करूनही कळले नव्हते. मी नातवाची क्षमा मागितली. त्याने ती लगेच दिली असे नाही. दोन दिवस लागले. त्या मित्राचे वडील बरे होऊन घरी आले, हे ऐकले त्या दिवशी मात्र तो आपण होऊन मला सांगावयास आला.

पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने त्या खेळावर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला त्याची यंत्रे भारतापुरती बंद झाली. मी मनात म्हटले, आता हे पथक फुटणार. तसे झाले नाही. खेळ गेला तरी चौघेही रात्री फोनवर जमत राहिले. टायनीमडची हकीकत मी पुढे वाचली तेव्हा मला या चौघांचीच आठवण झाली. आज नातू वीस वर्षांचा आहे, आणि गेल्या वर्षी चौघे प्रथमच प्रत्यक्ष भेटले. भेटल्यावर काय केले, असे मी विचारले. 'मिसळ खाल्ली,' म्हणाला.

तेव्हा पालकांना माझे सांगणे थोडेच आहे. झोपेची वेळ जरूर ठरवा. ती पाळली गेलीच पाहिजे. नाव, गाव, शाळा, पैसा यांबद्दल अनोळख्याशी बोलू नये, हेही बजावा. परंतु खेळ आटोपून मूल जेवावयास आले की 'कोण जिंकले?' एवढेच विचारून थांबू नका. 'आज काय काय बोललात?' असे विचारा, आणि उत्तर आले तर मध्येच उपदेश करू नका. भाजी निवडता निवडता विचारलेत तर अधिक बरे. पहिल्या दिवशी 'काही नाही' असे उत्तर मिळेल. आठव्या दिवशी मांजरीच्या पिल्लांची नावे कळतील. मॅट्सच्या आईवडिलांना जे त्याच्या पश्चात कळले, त्यातले थोडेसे तरी आपल्याला वेळेवर कळावे, एवढाच याचा हेतू.

जाता जाता त्या जुन्या निबंधाविषयी एक गोष्ट सांगून टाकतो. 'माझी आई' लिहिता लिहिता तो मुलगा आजोळच्या विहिरीकडे का वळला, हे मी त्याला कधी विचारलेच नाही. समासात रेघ ओढली आणि पुढची वही घेतली. त्या विहिरीपाशी त्याच्या आईची कोणती गोष्ट होती, ते आता मला कळणे नाही. त्याचे दोन गुण मात्र मजकडे देणे आहेत.